पासष्टच्या वर

कप्तानचा निरोप आला तेव्हा मास्तरीणबाई दोन्ही हातांनी स्टीअरिंग धरून बसल्या होत्या आणि पडद्यावरची त्यांची गाडी भर पावसात, भर वळणावर, तुकड्यातुकड्याने पुढे सरकत होती. आत्ता इथे, मग एकदम तिथे, मग थेट कठड्यात. मधलं काही दिसलंच नाही. बाईंनी हेडफोन काढून टेबलावर आदळला आणि मोबाइल उचलला.

निरोप लेखी होता. कप्तान एरवी बोलायची, लिहायची नाही. तिने लिहिलं होतं, "बाई, ड्रायव्हर फार जुना झालाय असं वाटतं. शनिवारच्या सरावाआधी काढून टाका आणि नवा घाला."

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. शब्द बदलले नाहीत.

"जुना झालाय म्हणे! काढून टाका म्हणे!" त्या एवढ्या जोरात म्हणाल्या की पलीकडच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले त्यांचे यजमान दचकले. "अहो, पोरीची सांगायची रीत तरी बघा!"

बाईंना राग येणं साहजिक होतं. त्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरीण. उभा जन्म त्यांनी शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर काढला होता, पायाखाली दुसरा ब्रेक घेऊन. अर्धं शहर त्यांच्या ओरड्याखालून गेलं होतं. हळू, आरसा बघा, अहो हळू म्हणते ना, एवढ्याच शब्दांवर त्यांचा घसा कायमचा बसला. लोकांना त्यांनी गाडी दिली, स्वतः मात्र शेजारी बसून राहिल्या. कधी मनसोक्त चाक हातात घेतलं नाही, कधी जोरात गेल्या नाहीत. पुढे स्कूल बंद पडलं आणि बाई घरी बसल्या. लेकीने नवा कॉम्प्युटर घेतला तेव्हा आधीचा आईला आणून दिला. बातम्या वाच, फोटो बघ, म्हणाली. त्याच कॉम्प्युटरमध्ये मोटारशर्यतीचा एक गेम राहून गेला होता. बाईंनी तो सहज उघडून बघितला आणि तिथेच त्यांचा निकाल लागला. मग खेळायचं स्टीअरिंग आलं, पेडल्स आली, ती जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळली गेली आणि यजमानांची रवानगी ताटासकट खिडकीजवळच्या स्टुलावर झाली.

ही शर्यत एकट्याची नव्हती. तिघांनी मिळून एकच गाडी आळीपाळीने चालवायची, प्रत्येकाने आपापल्या घरून. बाईंच्या संघाची कप्तान एका बेकरीत काम करणारी मुलगी होती. दुसरा एक दंतवैद्य, त्याला सगळे 'दात' म्हणत आणि तो फारसा तोंड उघडत नसे. तिसऱ्या बाई. एकमेकांना कोणी कधी पाहिलं नव्हतं, नुसते आवाज ओळखीचे. पावसातला टप्पा नेहमी बाईंच्या वाट्याला यायचा, कारण ओल्या रस्त्यावर त्यांच्या हाताइतका स्थिर हात दुसऱ्या कोणाचा नव्हता. रविवारी अंतिम शर्यत होती. आणि नेमकं गेले काही दिवस बाईंचं मशीन रडत होतं.

बाईंनी तडक उत्तर लिहिलं. "मला काढायचं असेल तर सरळ काढ. नवा ड्रायव्हर मीच शोधून देऊ का?"

फोन लगेच वाजला. पलीकडे कप्तान हसून हसून बेजार झाली होती.

"अहो बाई, ड्रायव्हर म्हणजे तुम्ही नाही हो! ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावर चित्रं काढणाऱ्या भागाचा ड्रायव्हर. कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना असला की गेम अडखळतो."

"मग तसं लिहायचं ना! इथे माझं रक्त आटलं."

"चुकलं माझं." कप्तानने हसू आवरलं. मग ती जरा अडखळली. "पण बाई, आता फोन केलाच आहे तर एक खरं सांगते. मागच्या वेळी तुमची गाडी मध्येच थिजली आणि मागचे दोघं येऊन धडकले. आपण तिथेच हरलो. तुमची चूक नव्हती, मशीनची होती, मला माहीत आहे. पण रविवारी तसं झालं तर संपलं सगळं. शनिवारी संध्याकाळच्या सरावात मशीन नीट चाललं नाही, तर तुमचा टप्पा माझा चुलतभाऊ चालवेल. त्याला मी तयार राहायला सांगितलंय."

"बरोबर आहे तुझं," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवून त्यांनी दोन्ही हात पुन्हा स्टीअरिंगवर ठेवले. शेजारच्या सीटवरून उठून चाकामागे यायला त्यांना आख्खा जन्म लागला होता. आता तिथून त्यांना कोणी उठवणार नव्हतं. मशीनने तर नाहीच नाही.

कंबर कसली. ड्रायव्हर काढला, नवा घातला. कप्तान फोनवरून एकेक पायरी सांगत होती आणि बाई प्रत्येक बटण दाबण्याआधी "दाबू?" म्हणून विचारत होत्या. फरक शून्य. मग गेममधली सजावट कमी केली. सावल्या घालवल्या, गवत घालवलं, डबक्यातली आभाळाची पडछाया घालवली. रस्त्याच्या कडेची झाडं पुठ्ठ्याची दिसायला लागली, प्रेक्षकांची तोंडं पुसली गेली. एवढा सगळा त्याग करूनही पहिली फेरी झकास जायची आणि पुढे हळूहळू रडगाणं सुरू व्हायचं. मागे उगाच चालणारे प्रोग्रॅम बंद केले. पडद्याची केबल कार्डालाच लावली आहे ना, हे टेबलाखाली शिरून, टॉर्च तोंडात धरून तपासलं. उठताना डोकं टेबलाला आपटलं. केबल बरोबरच होती.

यजमान हे सगळं बघत होते. "राहू दे ना," ते दोनतीनदा म्हणाले. "तुला परवाच चक्कर आली होती."

चक्कर आली होती हे खरं. दोनेक आठवड्यांपूर्वी बाई स्वयंपाकघरात उभ्याच्या उभ्या खाली बसल्या होत्या. डॉक्टरने सगळं तपासलं, काही सापडलं नाही, तेव्हा तो म्हणाला, वय झालं आता, चालायचंच. बाईंना चक्करेपेक्षा ते वाक्य जास्त लागलं होतं. ज्याचं कारण सापडत नाही त्याला वय चिकटवून मोकळं व्हायचं, असा या लोकांचा खाक्या आहे, हे त्यांचं तेव्हापासूनचं ठाम मत.

लेकीला फोन केला तर तिथेही तेच. "आई, ते कार्ड आता जुनं झालं गं. जड गेम त्याला झेपत नसेल. तू पत्त्यांचा एखादा खेळ घे ना, तो मस्त चालेल."

"तूच खेळ पत्ते," बाई म्हणाल्या. "मला रविवारी शर्यत आहे."

शेवटी कॉम्प्युटर टॅक्सीत घालून बाईंनी दुरुस्तीचं दुकान गाठलं. दुकानदार बरा होता, हसतमुख होता, पण त्याच्याकडे वेळ नव्हता. त्याने झाकण उघडलं, ब्लोअरने धूळ उडवली, मशीन सुरू करून दोन मिनिटं पडद्यावर रंगीत चेंडू नाचवले आणि मान हलवली.

"काही बिघाड नाही आजी. कार्डाचं वय झालंय. हल्लीचे गेम फार जड असतात. नवीन कार्ड टाकून घ्या, नाहीतर जुन्यात भागवा."

बाईंच्या डोक्यात तिडीक गेली. "मला एक सांग. पहिली फेरी हे झक्कास मारतं. लोण्यासारखं. तिसऱ्या फेरीला गचके खातं. मग याचं म्हातारपण काय तिसऱ्या फेरीला सुरू होतं का? बंद करून पुन्हा चालू केलं की हे परत तरुण होतं. असलं वय मला पण द्या."

दुकानदार हसला आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. बाईंनी कॉम्प्युटर पुन्हा टॅक्सीत घातला. रस्ताभर त्या खिडकीबाहेर बघत पुटपुटत होत्या. टॅक्सीवाल्याला वाटलं त्याच्या चालवण्याबद्दल आहे. थोडंफार त्याच्याबद्दलही होतं.

शनिवारी दुपारी जेवणं उरकल्यावर कप्तानचा पुन्हा फोन आला. बेकरीतली दुपारची भट्टी लावून ती मोकळी झाली होती. तिने पडद्याच्या कोपऱ्यात दोन आकडे दिसायची सोय करून दिली. वरचा आकडा म्हणजे एका सेकंदात पडदा किती चित्रं दाखवतो तो, जितका मोठा तितकी गाडी गुळगुळीत. खालचा म्हणजे कार्ड किती तापलं आहे ते.

"दोन्हीवर लक्ष ठेवा आणि चालवत राहा," कप्तान म्हणाली. "काय होतं ते मला सांगा. मी फोन जवळच ठेवते."

बाईंनी गाडी काढली. पहिली फेरी मजेत गेली. वरचा आकडा नव्वदच्या घरात, खालचा चढत होता. पन्नास, अठ्ठावन्न, साठ. दुसऱ्या फेरीच्या सुमारास खालचा आकडा पासष्टवर आला आणि थांबला. आणि तो थांबला तसा वरचा घसरायला लागला. सत्तर, पन्नास, तीस. गाडी पुन्हा उड्या मारायला लागली.

बाईंनी मशीनचं झाकण काढलं, टेबलफॅन उचलून आणला आणि सोडला त्याच्यावर पूर्ण वेगात. वरचा आकडा जरासा सुधारला. खालचा पासष्ट. सजावट आणखी उतरवली, इतकी की रस्ता आणि आभाळ एकाच रंगाचं झालं. खालचा पासष्ट. मग मुद्दाम सगळी सजावट चढवली, पाऊस, धुकं, सावल्या, सगळं. वरच्या आकड्याचा जीव चालला. खालचा आपला पासष्ट.

बाईंनी गाडी कडेला घेतली. गेममध्येसुद्धा त्या इंडिकेटर देऊन कडेला घेत.

"चढावर पासष्ट, उतारावर पासष्ट," त्या स्वतःशीच म्हणाल्या. शाळेच्या बसला गव्हर्नर बसवलेला असतो. चालवणाऱ्याने पाय कितीही दाबला तरी ठरलेल्या आकड्यापुढे बस जात नाही. अशा बसेस त्यांनी पुष्कळ बघितल्या होत्या. नवखा माणूस म्हणतो इंजिन थकलंय. इंजिन कुठलं थकतंय, त्याला बांधून ठेवलेलं असतं. "हे म्हातारं नाही झालेलं. हे तापून दमलेलंही नाही. याला कोणीतरी बांधलंय."

खुर्चीतून, पेपरच्या मागून, यजमानांचा अगदी निवांत आवाज आला.

"पासष्टच्या वर नाही जायचं ते. तू निर्धास्त राहा."

बाईंचे हात स्टीअरिंगवर तसेच राहिले.

"तुम्हाला काय माहीत?"

पेपर हलला नाही. पेपरमागे माणूस आहे याची एकही खूण उरली नाही.

"अहो."

"काय?"

"पासष्टच्या वर जाणार नाही हे तुम्हाला काय माहीत?"

"अंदाज आपला."

"पेपर खाली ठेवा."

पेपर खाली आला. यजमानांचा चेहरा कान पकडलेल्या पोरासारखा झाला होता. एका मोठ्या कारखान्यात त्यांनी बॉयलर सांभाळला होता, निवृत्त होईपर्यंत. बॉयलरवाल्याचा आयुष्यभराचा धर्म एकच, काटा लाल रेघेकडे जाऊ द्यायचा नाही. कॉम्प्युटरमधलं त्यांना ओ की ठो कळत नसे. पण कार्डाबरोबर एक छोटासा प्रोग्रॅम आला होता, त्यात गोल तबकड्या होत्या, काटे होते आणि खाली सरकवायच्या दांड्या होत्या. तो प्रोग्रॅम त्यांना पहिल्याच दिवशी आवडला. एवढ्या मोठ्या परक्या यंत्रात तेवढीच एक ओळखीची जागा होती. बाई दुपारी पडल्या की ते गुपचूप जाऊन काटे बघून यायचे.

"ब्याऐंशी दाखवत होतं," ते म्हणाले. "बंद डब्यात ब्याऐंशी! भिंतीला टेकलेला डबा, वर तुझे खिडकीचे पडदे. पेटलं असतं म्हणजे? मी दांडी खाली ओढली. पासष्टवर शेवट होता, तिथे ठेवली. सेफ्टी व्हॉल्व्ह लावतात तसं."

"कधी?"

"झाले असतील दोनेक आठवडे."

"मी टेबलाखाली डोकं फोडून घेतलं. मशीन घेऊन दुकानात गेले. लेकीकडून पत्ते खेळ म्हणून ऐकून घेतलं. आणि तुम्ही त्या खुर्चीत मूग गिळून बसलात?"

"मला काय ठाऊक त्याच्यामुळे अडकतंय म्हणून! गेम जड आहे असं सगळेच म्हणत होते. मी म्हटलं, असेल."

बाईंनी फोन स्पीकरवर टाकला. कप्तानने सगळं ऐकलं आणि ती आधी "अरे देवा" म्हणाली. मग शांतपणे सांगितलं, "आजोबा, ऐंशीब्याऐंशी त्याचं रोजचंच आहे हो. त्या उष्णतेत काम करायलाच बनवलेलं असतं ते. फारच तापलं तर ते स्वतःच आवरतं घेतं, तेवढी अक्कल त्याला असते. तुम्ही पासष्टची मर्यादा घातलीत, म्हणून पासष्ट आलं की ते घाबरून हळू चालतं. दांडी त्र्याऐंशीवर न्या, झालं."

"त्र्याऐंशी!" यजमान उठूनच उभे राहिले. "अगं, माणूस पोळतो त्र्याऐंशीला! पासष्टच्या वर कशाला न्यायचं ते? जुनं आहे ते, सगळे सांगताहेत."

"मी स्वतः पासष्टच्या वर आहे!" बाई कडाडल्या. "मला कुठली दांडी लावणार आहात?"

पलीकडे कप्तानने हळूच, "बाई, मी भट्टी बघून येते," म्हणून फोन ठेवला. शहाणी पोर.

खोलीत टेबलफॅन तेवढा घरघरत होता. यजमान पुन्हा खाली बसले, पण खुर्चीत नाही, आपल्या त्या स्टुलावर. पेपरची घडी घालायला लागले आणि ती काही जमेना.

"त्या दिवशी तू पडलीस ना," ते म्हणाले. "मला काही सुचलं नाही. आयुष्यभर मी काहीही झालं तरी काय फिरवायचं, काय बंद करायचं ते जाणून होतो. तिथे मला एकही व्हॉल्व्ह सापडेना. तू खाली बसलेली, आणि मी नुसता उभा. डॉक्टर म्हणतो वय झालं. म्हणजे काय करायचं मी? मग संध्याकाळी हा काटा दिसला, खाली दांडी दिसली. ती ओढली. एवढंच माझ्या हातात होतं." त्यांनी नाक पुसलं. "मी घाबरलो होतो गं. अजून घाबरतो. तू त्या शर्यतीत एवढी लालबुंद होतेस, मला वाटतं आता काहीतरी होणार."

बाईंना रडू आलं आणि रागही आला. दोन्ही एकदम आल्यामुळे आवाज चिरकला.

"माझ्या पायाखाली पण दुसरा ब्रेक होता," त्या म्हणाल्या. "पण शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या दिवशी तो दाखवायचे. हा बघा, हा माझा आहे, वेळ आली तर मी मारणार. सांगून. चोरून कधी पाय ठेवला नाही मी कोणाच्या गाडीत. त्याला वाटलं असतं आपल्यालाच चालवता येत नाही. गेले दोन आठवडे मला तेच वाटतंय. कळतंय का? मला वाटायला लागलं होतं की माझेच हात गेले. मशीनचं नुसतं निमित्त."

यजमानांनी पेपर तसाच चुरगळलेला बाजूला ठेवला. त्यांना ते कळलं होतं.

"तुम्ही घाबरा," बाई म्हणाल्या. "खुशाल घाबरा. बायकोसाठी घाबरणारा नवरा मला नको असं नाही. पण तुमच्या भीतीपायी मला बसवून ठेवायचं नाही. आता या इकडे. कुठे आहे ती दांडी, दाखवा."

यजमानांनी दाखवली. ते माऊसला हात लावणार तोच बाईंनी तो ओढून घेतला आणि दांडी स्वतःच्या हाताने सरकवली, सत्तर, पंचाहत्तर, ऐंशी, त्र्याऐंशी. यजमानांनी डोळे मिटून घेतले होते. काही पेटलं नाही. मग दोघांनी मिळून मशीनचा डबा भिंतीपासून ओढून पुढे घेतला, त्याच्यावरचा पडदा खिळ्याला अडकवून बाजूला केला, आणि एवढं तरी माझं ऐकलंस, असा चेहरा करून यजमानांनी स्टूल डब्याशेजारी मांडलं.

"काटा बघायचा तर बघा," बाई म्हणाल्या. "हात लावायचा नाही."

संध्याकाळी सरावाला सगळे जमले. हेडफोनमध्ये कप्तानचा आवाज, दाताचं हुं, आणि एक नवा, तरणाताठा आवाज. चुलतभाऊ. "बाई, नमस्कार. मी तयारच आहे, तुम्ही काळजी करू नका," तो म्हणाला. बाईंना तो अजिबात आवडला नाही.

कप्तानने आपला टप्पा पूर्ण केला, दाताने केला. गाडी तिसरी चालली होती. पाऊस सुरू झाला आणि चाक बाईंच्या हातात आलं.

पहिली फेरी. दुसरी. बाईंचे खांदे कानापर्यंत वर गेले होते, आता अडकेल, आता थिजेल. शेजारी स्टुलावरून आवाज यायचा, "बहात्तर." मग, "अठ्ठ्याहत्तर." मग अगदी खोल गेलेल्या आवाजात, "ऐंशी."

"मोठ्याने वाचू नका."

तिसरी फेरी. काही अडकलं नाही. वरचा आकडा नव्वदला टेकून होता आणि गाडी रस्त्यावरून वाहत होती. बाईंचे खांदे खाली आले. कितीतरी दिवसांनी त्यांना रस्ता सलग दिसत होता. पुढच्या गाडीच्या चाकांमागे उडणारं पाणी दिसत होतं, त्या पाण्यातून लाल दिवे दिसत होते, वळणाआधीचा काळपट ओला पट्टा दिसत होता. हात त्यांचेच होते आणि जागेवर होते. त्यांनी तिसऱ्या नंबरची गाडी दुसरीच्या मागे नेऊन लावली. मग बाहेरच्या बाजूने काढली. हेडफोनमध्ये दात चक्क "वा!" म्हणाला. पुढे पहिल्या नंबरचे दिवे दिसत होते. बाईंनी पाय दाबला. आणखी दाबला. त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला, तो आवाज यजमानांनी लग्न झाल्यापासून कधी ऐकला नव्हता. हसण्यासारखा काहीतरी.

डावीकडचं मोठं वळण आलं. ओलं होतं. बाईंचा पाय खालीच राहिला.

गाडीची शेपूट सटकली, गाडी एकदा फिरली, दोनदा फिरली आणि चिखलात जाऊन रुतली. बाजूने गाड्या सूं सूं करत गेल्या, एक, दुसरी, मग सगळा घोळका.

हेडफोनमध्ये कप्तानचा आवाज आला, आणि त्यात निराशा होती, पण मायाही होती. "बाई? पुन्हा अडकलं का मशीन?"

"मी येऊ का?" चुलतभाऊ म्हणाला.

यजमानांना हेडफोनमधलं पुसटसं ऐकू येत होतं. ते पुढे झुकून कुजबुजले, "हो म्हण. माझ्यावर घाल. सांग, म्हाताऱ्याने परत दांडी ओढली."

किती सोपं होतं. मशीनचं नाव घेतलं असतं तर सगळे हळहळले असते. बाई बिचाऱ्या चांगल्या चालवतात, मशीनने घात केला. जागा गेली असती, पण मान राहिला असता. खरं सांगितलं तर कदाचित दोन्ही जाणार होतं. बाईंनी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. वर नव्वद, खाली एक्क्याऐंशी. दोन्ही आकडे ठणठणीत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "मशीन एकदम झकास चाललंय. मी जोरात गेले."

"कोण, तुम्ही?"

"हो. मी." बाईंचा बसका घसा एकदम मोकळा झाला होता. "पावसात, ओल्या वळणावर, समोर वळण दिसत असताना पाय दाबून गेले. शिकाऊ पोरं करतात तशी चूक केली. ती माझी आहे. मशीनची नाही, यांची नाही, वयाची तर नाहीच नाही. मी जोरात गेले, आणि मला फार मजा आली."

दाताचा खुसखुसण्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ कप्तानचा.

"चुलतभाऊ," ती म्हणाली, "तू हेडफोन काढ आणि जेवायला जा. बाई, अजून पुष्कळ फेऱ्या राहिल्यात. चिखलात काय बसलाय?"

बाईंनी रिव्हर्स टाकला.